खडकावरची कालवं

आये, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. मी आता बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतो, कारखान्यात पाळीवर जातो. आज सुट्टी होती म्हणून आपल्या गावी, घिवलीला जाऊन आलो. ओहोटी लागली होती. तुझा तो दक्षिणेकडचा चपटा खडक कालवांनी पांढराफटक पडला होता आणि त्यावर कोणी नव्हतं. तू कोयतीच्या टोकाने कालवाची वरची शिंप उडवायचीस, आतलं मांस टोपात टाकायचीस, खालची शिंप मात्र खडकालाच ठेवायचीस. "तिच्यावरच नवं बसतंय," म्हणायचीस. या उधाणाच्या ओहोटीला एक खडक, पुढच्या उधाणाला दुसरा. चुलीवर कालवण रटरटतंय आणि त्यातली मोठी मोठी कालवं तू माझ्या ताटात लोटतेस, हे अजून दिसतं.

मासळी कमी झाली म्हणून देवळात गावाची सभा बसली, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळा सातवीत सुटलेली, पण लिहिण्यात चूक होत नाही म्हणून सरकारी कचेरीला द्यायचा अर्ज मलाच लिहायला बसवलं. पुरुष आत, तुम्ही बायका रिवाजाप्रमाणे बाहेर पायरीखाली. एक म्हातारा तांडेल म्हणाला, "मासा खडकात अंडी घालतो. खडकच बंद करू. या बायकांनी फोडून फोडून टकला केलाय त्याला." सगळे हसले. बाहेरून तुझा आवाज आला, "तुज्या जाळ्यात नखाएवडी पिल्लं येतात, ती सोड आदी! खडक पाळीपाळीनं बंद करा. कुठला कवा, ते आमी दावतो." तांडेल माझ्याकडे वळून म्हणाला, "बाहेरचं लिवायचं नाय रे. सभा आत हाय."

काही महिन्यांनी किनाऱ्यावर पाटी लागली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मला हाताला धरून नेलंस. मी वाचलं, 'खडकावर उतरण्यास सर्वांना मनाई आहे.' वाक्य माझंच होतं. होड्यांबद्दल, जाळ्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

"यात आमचं कुठं हाय?"

"वारा होता, आये. तू काय बोललीस ते आत ऐकू आलं नाही."

 तू "बरं" म्हणालीस. त्यानंतर तू बोईसरच्या एका खानावळीत भांडी घासायला जाऊ लागलीस, आणि कोयती आढ्यालाच गंजली. तू मला पुन्हा कधी विचारलं नाहीस. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास.

हे पत्र कुठे टाकू? त्या अर्जाचा कच्चा कागद मी जपून ठेवला आहे, त्याच्याच घडीत ठेवतो. त्या कागदावर तुझं म्हणणं शब्दन् शब्द उतरवलेलं आहे. सगळं ऐकू आलं होतं, आये. ते खोडताना कागद खराब दिसू नये म्हणून मी पट्टी लावून रेघ ओढली आहे.