ठकूला काय सांगायचं

६ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुझी लेक माझ्याकडे राहायला आल्यापासून सतत मांडीला मांडी लावून बसलेली असते आणि तिचे कान भलतेच तिखट आहेत. वाचता मात्र अजून येत नाही, म्हणून हा पत्राचा उद्योग. तुलाही वॉर्डात पडल्या पडल्या काहीतरी वाचायला होईल.

ठकू माझ्याच बालवाडीत यायला लागली. घरी मी मावशी आणि शाळेत बाई, हा घोळ तिने पहिल्याच दिवशी निस्तरला. ती मला मावशीबाई म्हणते. आता सगळा वर्गच तसं म्हणायला लागलाय. बॅग अडकवायला तिने खिडकीजवळची खुंटी निवडली. तिथून फाटक दिसतं.

ठरल्याप्रमाणे आई ऑफिसच्या कामाला परगावी गेली आहे, असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, काम कधी संपणार. मी म्हटलं, संपलं की येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. आता विचारत नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघते. ते मला जास्त जड जातं. कालपरवा वर्गात दोनदा चड्डी ओली झाली. तिला तर कधीची सवय सुटली होती ना? मी न रागावता कपडे बदलले.

तू कशी आहेस ते खरं लिही. भावोजींच्या फोनवर सगळं उत्तमच असतं.

लोभ आहे तो राहू दे, वाढला तर आणखी बरं.
तुझी,
धाकटी

१३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय शाईत बुडवून काढल्यासारखंच आहे. मुलांना अक्षरं गिरवायला तू शिकवतेस, हे त्या पालकांना माहीत आहे का?

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. औषध चढवलं की दोन दिवस तोंडाला चव नसते आणि पाय माझे राहत नाहीत. केस उशीवर यायला लागले, म्हणून सरळ सगळे काढून टाकले. आरशात आपले बाबा दिसतात. तुझे भावोजी म्हणाले, छान दिसतेस. इतकं खोटं बोलताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

चड्डीचं मनावर घेऊ नकोस. जागा बदलली की होतं असं मुलांचं. मी कामाला गेले आहे, इतकंच तिला माहीत असू दे. साडेचार वर्षांच्या जिवाला आजारपण काय कळणार! बरी होऊन आले, की तिला कधी काही झालं होतं हे कळणारही नाही. आणि नाही आले, तर निदान हे महिने तरी तिचे हसण्याखेळण्यात गेलेले असतील.

तिला माझा पापा दे. डाव्या गालावर दे, उजव्यावर तिला गुदगुल्या होतात.

तुझी,
ताई

२२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग बराच वेळ शाळेच्या स्टोअरमध्ये जाऊन बसले.

परवा आमच्याकडे लस टोचायला नर्स आली होती. पोहोचवायला आलेल्या आया आपापल्या मुलांना सांगत होत्या, की काही दुखत नाही, कळतसुद्धा नाही. मी माझ्या रांगेला सांगितलं, की दुखणार आहे, जरासंच, आणि ज्याला रडायचं असेल त्याने माझा हात धरून रडावं. मुलं रडली आणि दहा मिनिटांत झोपाळ्यावर गेली. न दुखणाऱ्या सुईवाल्यांनी मात्र दुपारभर आयांचा पदर सोडला नाही. सुईपेक्षा फसवल्याचं जास्त लागलं होतं. हे मी इतक्या वर्षांत शंभरदा पाहिलंय, ताई. आणि रोज सकाळी तुझ्या मुलीशी मात्र मी खोटं बोलते.

आता मुद्द्याचं. काल ठकू बाहुलीघरात एकटीच होती. मी कपाटामागे ठोकळे आवरत होते. तिने मोठ्या बाहुलीला दाराबाहेर ठेवलं, छोटीला कोपऱ्यात उभं केलं आणि तिला दटावून म्हणाली, की बघ, तू सारखी ओरडतेस, म्हणून आईचं डोकं दुखलं, म्हणून आई गेली. मग छोटीच्या तोंडावर हात दाबून धरला. बराच वेळ.

पोरगी गप्प का झाली ते तेव्हा कळलं. मी तिला शहाणी झाली समजत होते.

तिला काही कळत नाही असं नाही गं. आपण सांगत नाही, तेवढी जागा ती स्वतः भरून काढते, आणि भरताना सगळा दोष आपल्या अंगावर घेते. मला परवानगी दे. आजारी आहेस एवढं सांगते. जेवढं आपल्याला माहीत आहे तेवढंच, त्याच्यापुढे नाही.

उत्तराची वाट बघते. कळावे, लोभ असू दे.
धाकटी

२९ ऑगस्ट

धाकटीस,

तुझं बालमानसशास्त्र वर्गात ठेव. तू तिची बाई आहेस, आई नाहीस. तुझ्या हाताखालून शंभर मुलं गेली असतील, पण पोटचं एकही नाही. असतं तर असलं काही सुचलं नसतं.

ती मला अशी बघणार नाही, अशी आठवणार नाही. हे मी ठरवायचं आहे. एवढं तरी माझ्या हातात राहू दे.

ताई

३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि ते घेशील अशी आशा.

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच ते पत्र होतं. जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तुझी ती जखम मला माहीत असून मी नेमकं तिथेच बोट घातलं. बाकी बोलत नाही, समोर आलीस की पाठीत एक धपाटा घाल.

रविवारी ठकूशी फोनवर बोलले. तू स्वयंपाकघरात होतीस बहुतेक. मी ठरवून आवाज एकदम ठणठणीत केला होता. ती हळूच म्हणाली, की आई, मी आता ओरडत नाही. ताटातलं सगळं संपवते. मावशीला मुळीच त्रास देत नाही. आता तू येशील ना?

धाकटे, मी फोन यांच्या हातात दिला. पलीकडून ती यांना विचारत होती, की बाबा, अजून किती शहाणं व्हायचं?

मला वाटत होतं, तिचे दिवस हसण्याखेळण्यात जाताहेत. पोरगी तिकडे शिक्षा भोगतेय.

सांग तिला. कसं ते तुला कळतं. आजारी आहे म्हणून सांग, पण मी अजून मेलेले नाही, तेव्हा फार पुढचं सांगू नकोस. आणि एकदा घेऊन ये. टक्कल आहे, हेही आधी सांगून ठेव.

तुझीच,
ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धपाटा उधार ठेवला आहे.

सांगितलं. शनिवारी मुलं गेल्यावर वाळूच्या हौदाच्या काठावर बसलो. मी म्हटलं, की आई कामाला गेली असं आम्ही सांगितलं ते खरं नव्हतं. आई दवाखान्यात आहे. तिच्या रक्तात मोठा आजार झालाय. सर्दी-खोकल्यासारखा नाही. आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. कुणी ओरडल्यामुळे, हट्ट केल्यामुळे असला आजार होतच नाही.

ती वाळूत बोट फिरवत राहिली. मग विचारलं, की मी एकदा आईच्या पोटावर उडी मारली होती, त्याने पण नाही? मी म्हटलं, त्याने पण नाही. रागाने म्हटलं होतं, की तू नको मला, त्याने? त्यानेही नाही. एकेक गुन्हा काढून तिने माझ्यापुढे ठेवला. कुठे साठवून ठेवले होते कोण जाणे.

सगळे संपल्यावर म्हणाली, की मग तू खोटं का बोललीस? मी म्हटलं, चुकलं आमचं, खरं सांगितलं तर तुला वाईट वाटेल असं वाटलं. तर म्हणते कशी, मला वाईटच वाटत होतं.

मग तिने विचारलं, आई बरी होणार का. त्या क्षणी हो म्हणायला जीभ किती वळवळली, ते तुला सांगून कळायचं नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही. डॉक्टर खूप प्रयत्न करताहेत. मला जे कळेल ते तुला सांगेन. माझे डोळे भरून आले होते. वाळू गेली म्हणणार होते, नाही म्हटलं. मला आईची काळजी वाटते म्हणून रडू येतंय, असंच सांगितलं. तिने फ्रॉकच्या टोकाने माझं नाक पुसलं, डोळे नव्हे, नाक. मग घसरगुंडीवर गेली.

संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी तिने भांडण काढलं. भात नको म्हणून ताट ढकललं आणि घर डोक्यावर घेतलं. मला इतकं बरं वाटलं!

पुढच्या आठवड्यात घेऊन येते. केसांचं सांगितलंय. तिचा प्रश्न आहे, की हात लावला तर चालेल का.

तुझी,
धाकटी

२६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय तुम्हा बहिणींची, माझी नाही. जमेल तसं लिहितो. सगळं आटोपून तू परत गेलीस, त्या गडबडीत एक गोष्ट तुला तोंडाने सांगता आली नाही.

शेवटच्या दिवसांत ठकूला घेऊन तू इथे आलीस; तू तुझ्या ताईजवळ दवाखान्यात होतीस आणि मी घरी ठकूजवळ. तुझा फोन आला तेव्हा ठकू जमिनीवर चित्र रंगवत होती. तू म्हणाली होतीस, की सरळ शब्दांत सांगा, आई झोपली किंवा लांब गेली असं म्हणू नका. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून अर्धा तास नुसता भिंतीला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, बाळा, आई झोपली गं, कायमची झोपली. त्यांचा जीव चांगला, त्यांना बोल लावत नाही. पण त्या दिवशी ठकू झोपेना. डोळे मिटले की दचकून उघडायची.

तेव्हा मला सांगावंच लागलं. म्हटलं, आई झोपलेली नाही. आई मेली. तिचं शरीर बंद पडलं. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही आणि ती परत येणार नाही. माणूस झोपलं की उठतं, तूही उठशील. तिने विचारलं, तू पण मरणार? कधीच नाही, असं ओठांवर आलं होतं. म्हटलं, कधीतरी सगळेच मरतात, पण मला तुला मोठी झालेली बघायचं आहे, आणि मावशीही आहे. ती बरं म्हणाली आणि झोपली. रडली नाही. भेटायला येणारे म्हणत राहिले, की लहान आहे, तिला समजलेलं नाही.

काल सकाळी मी तिची वेणी घालत होतो. मला सरळ भांग पडत नाही. ती आरशात बघत होती. म्हणाली, की आई अशी घालायची नाही. मी म्हटलं, नाही, आई छान घालायची. मग ती वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, की बाबा, मी आता रडणार आहे, तू इथेच बस.

मी कंगवा हातात धरून बसलो. गप्प हो म्हटलं नाही, खाऊ देतो म्हटलं नाही. ती माझ्या मांडीवर खूप वेळ रडली. मग माझी मांडी दुखत असेल म्हणून उठली.

ऑफिसला पोहोचायला फार उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. गाडी बंद पडली, असं तोंडावर आलं होतं. पण मग खरं तेच सांगितलं, की मुलगी आईसाठी रडत होती, तिच्याजवळ बसलो होतो, आणि मीही रडत होतो.

सुट्टी मिळाली की ये. आमच्या दोघांवर जीव आहे, तो असू दे.

तुझा,
भावोजी