घोरण्याचं निमित्त

४ फेब्रुवारी, मंगळवार

खोटं बोलले आज. तेही डॉक्टरीणबाईंशी!

तपासून झालं होतं, मी कपडे सारखे करत होते. कागदावरून डोळे न उचलता त्यांनी विचारलं, "मिस्टरांशी संबंध आहेत का अजून?" आणि मी काय म्हणावं? "छे हो! या वयात कसलं काय!" वर हसले. नर्सही हसली. बाईंनी कागदावर एक खूण केली. झालं.

मग चित्र काढून समजावलं. गर्भाची पिशवी खाली सरकलीय, तिच्याबरोबर लघवीच्या पिशवीची भिंतही. "अंग बाहेर येणं म्हणतात ना, तेच. तुमचं बरंच पुढे गेलंय." उपाय तीन. एक — रबराची रिंग आत बसवायची, ती सगळं वर धरून ठेवते. काढायची, धुवायची, परत बसवायची. दोन — मोठं ऑपरेशन. पिशवी काढायची आणि उरलेलं वर टाके घालून बांधायचं. त्याला भूल फार वेळ लागते. माझी शुगर आणि दमा बघून बाईंचं मन होईना, शिवाय काहींचं परत खाली येतं म्हणे. तीन — वाटच आतून शिवून बंद करायची. थोडक्यात आटपतं, सहसा परत त्रास नाही. "फक्त नंतर संबंध ठेवता येत नाहीत. पण तुमचा तो प्रश्नच नाही."

मी मान डोलावली. नंदीबैलासारखी! तारीखही घेऊन आले — ३ मार्च, सकाळी अकरा.

५ फेब्रुवारी

एकसष्ट वर्षांची घोडी झाले. खरं बोलायला काय धाड भरली होती?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात मखमलीचे नवे तागे आले. पूर्वी असला तागा मी एकटी खांद्यावर टाकून कापायच्या टेबलापर्यंत आणायचे. तीस वर्षं पडदे कापतेय, कुणाला हात लावू दिला नाही. आता लांबूनच बघते. फिरकी म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसतं बोट दाखवा, मी आणते." फिरकी म्हणजे आमची शिलाईवाली पोर. नाव मीच ठेवलंय, दिवसभर सगळ्यांची फिरकी घेत असते. मनाने चांगली आहे.

सकाळी काही वाटत नाही. तीन वाजले की ओझं खाली उतरतं. उभं राहिलं की लिंबाएवढा गोळा मांडीला लागतो. बाथरूममध्ये जाऊन बोटाने आत सारायचा, तेव्हा कुठे लघवी सुटते. हे लिहितानाही कान गरम झाले. पण वहीला कसली लाज!

अडीच वर्षं झाली. अंघोळ करताना पहिल्यांदा हाताला लागलं. वाटलं, गाठच आहे. एका डॉक्टरने गाठ नाही म्हणून सांगितलं, तर दुसरंच भूत मानगुटीवर — ह्यांच्या हाताला लागलं तर? किळस वाटली तर? त्याच दिवशी ह्यांना म्हणाले, "तुम्ही फार घोरता बाई, माझी झोप होत नाही." उशी उचलली आणि मागच्या खोलीत गेले, शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल आहे तिथे. कॉट टाकली.

हे घोरत नाहीत. कधीच घोरले नाहीत. मांजरासारखे झोपतात. इतकं सोपं खोटं आयुष्यात बोलले नव्हते.

९ फेब्रुवारी, रविवार

आणि ह्यांनी ते खरं मानलं! चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस, कुणी म्हटलं गाडीत आवाज येतोय की आधी दुरुस्तीला लागणार. कुशीवर झोपायला लागले. उशी उंच केली. जेवण सातला आणलं. मग औषधाच्या दुकानातून नाकाच्या पट्ट्या आणल्या, नाकावर आडव्या चिकटवायच्या. पट्टी लावून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बॉक्सर दिसतोय का गं?"

अधूनमधून विचारतात, "काल तिकडे आवाज आला का?" मी म्हणते, "आला थोडा." काय जीभ आहे माझी!

पहाटेची ड्युटी असायची तेव्हा साडेतीनचा गजर व्हायचा. गजर बंद करून ह्यांचा हात माझ्या कमरेवर यायचा. दोनच मिनिटं. मग उठायचे. मी झोपल्याचं सोंग करायचे, कारण जागी आहे म्हटलं तर चहा टाकावा लागला असता. ती दोन मिनिटं मला हवीत. आणि तेही हवंय. हो, हवंय! लिहून टाकलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. तिला सगळं ठाऊक आहे. ह्यांना मात्र 'बायकांचं काहीतरी छोटं ऑपरेशन' एवढंच. म्हणाली, "बंदच करून टाक ना आई, कटकट गेली. तुला आणि बाबांना आता काय करायचंय!"

चौतीस वर्षांची आहे ती. तिच्या वयात मलाही असंच वाटायचं म्हातारा-म्हातारींबद्दल. "बरं," म्हणाले आणि ठेवला फोन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात रामायण झालं. आठ खिडक्यांचे पडदे, सगळे वीतभर आखूड! फिरकीने गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेल्या मापावर कात्री चालवली. आमच्याकडे नियम आहे — गिऱ्हाईक सांगतं ते माप लिहून घ्यायचं, पण कापायचं नाही. घरी जाऊन आपली टेप लावायची, आपल्या डोळ्यांनी बघायचं. लोक अंदाजाने सांगतात. काही तर खुर्चीवर चढायचा कंटाळा म्हणून सांगतात.

मी कडाडले. "परत विचारलं का नाहीस? एकदा कात्री लागली की कुणाच्या बापाला जोडता येतं का?" ती पण काही कमी नाही. "मावशी, बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. गिऱ्हाईकच खोटं बोललं तर कात्रीचा काय दोष?"

मी टेप गुंडाळायला लागले. पोरीला वाटलं, रागानेच. जवळ येऊन म्हणाली, "चुकलं मावशी, खाली झालर लावू, चालेल?" चालेल म्हटलं. दुकानाच्या मालकीणबाई पण हो म्हणाल्या.

आता सारखं तेच डोक्यात. गिऱ्हाईक मीच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात फोन केला. पुरुषाने उचलला. "कशाबद्दल बोलायचंय?" मी म्हणाले, "मापाबद्दल." मापाबद्दल! ठेवूनच दिला. कपाळ माझं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशनआधी घरचं माणूस घेऊन या म्हणाले होते. हे आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

बाईंनी तेच चित्र ह्यांच्यापुढे सरकवलं. पिशवी, भिंत, वाट, सगळं पेनाने दाखवलं. ह्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मी खिडकीकडे बघत बसले. "तुमचीही हरकत नाही ना? मिसेस म्हणाल्या, तो भाग आता तुमच्या आयुष्यात नाहीच."

हे चित्राकडे बघत राहिले. टोपी हातात फिरवत. मग म्हणाले, "ती म्हणाली ना? मग तसंच."

अगदी हळू म्हणाले. तेव्हाच बोलायला हवं होतं मी!

परत येताना बस. एरवी हे ड्रायव्हरवर सबंध रस्ताभर शेरे मारतात — गिअर उशिरा टाकला, वळण चुकलं. आजच्या पोराने तीनदा कचकन ब्रेक दाबला. ह्यांचं लक्षच नाही.

२१ फेब्रुवारी

नाकाच्या पट्ट्यांचं पाकीट सकाळी केराच्या डब्यात दिसलं. अख्खं. वर चहाचा चोथा.

२२ फेब्रुवारी

नऊ दिवस राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

हे बूट पुसत बसले होते. मी समोर स्टूल घेतलं आणि पाठांतर म्हणावं तसं एका दमात म्हणाले, "तुम्ही घोरत नाही. कधीच घोरला नाहीत. मला खाली हे झालं होतं म्हणून मी तिकडे गेले. आणि डॉक्टरांशीही खोटं बोलले. मला बंद करून घ्यायचं नाहीये."

ह्यांचा ब्रश थांबला. इतकं सगळं ऐकून पहिलं वाक्य काय? "म्हणजे मी घोरत नाही?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ."

"अगं बये! अडीच वर्षं मी एका कुशीवर झोपतोय! खांदा गेला माझा!"

मला हसू फुटलं आणि त्याच तोंडाने रडू. हे हसले नाहीत. "मला वाटलं, तुला मी नकोसा झालो. रिटायर होऊन घरात बसलो, म्हणून." मी म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला किळस येईल." तर चिडले! खरंच चिडले. बूट तिथेच टाकून फिरायला गेले ते दोन तासांनी आले. दारातूनच म्हणाले, "पोर झालं तेव्हा तुझ्या उलट्या कुणी पुसल्या होत्या? डेपो मॅनेजरने?"

अजून राग गेला नाहीये. पण मंगळवारी दवाखान्यात बरोबर येतो म्हणाले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हे बाहेर बसले. मी एकटी आत गेले. एकटीनेच बोलायचं होतं मला. नर्स होती, तरी बोलले. "त्या दिवशी मी खोटं सांगितलं. आम्हाला... म्हणजे मला हवं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, "तुम्ही खाली बघून विचारलंत." "ते चुकलं माझं," म्हणाल्या. माणूस चांगलं आहे.

३ मार्च रद्द. आधी रिंग. खालचे स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे, दिवसातून तीनदा. शुगर खाली आणायची. ती आली की मोठ्या ऑपरेशनचा विचार, घाई नाही. रिंग माझी मला काढता-घालता येईल असं शिकवलं. "चष्म्यासारखं समजा. लागेल तेव्हा काढून ठेवायची." मी विचारलं, "लागेल तेव्हा म्हणजे?" नर्स हसली. या वेळी मीही हसले, पण खरं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रिंग पडली! दुकानात खोकल्याची उबळ आली, बाथरूम गाठलं, तोवर टप्पकन. रडूच यायचं बाकी होतं. संध्याकाळी नर्सने मोठं माप बसवलं. चालवलं, वाकवलं, खोकायला लावलं. नाही पडली. पहिल्या ट्रायलला कधी कुणाचं काय नीट बसलंय? गिऱ्हाइकांना मीच तर सांगत असते.

३ मार्च, सोमवार

अकरा वाजता मखमल कापत होते. नाहीतर आज या वेळी मी ऑपरेशनच्या टेबलावर असते. घड्याळाकडे बघत उभी राहिले, तर फिरकी म्हणते, "मावशी, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, "तुझ्या अकलेची."

तीन वाजले, चार वाजले, गोळा नाही. सगळंच जादूसारखं झालं असंही नाही. खोकल्यावर थेंब गळतोच, आणि काढायची-घालायची कटकट आहेच. जन्मभर हेच करायचं की भूल सोसून एकदाचं बांधून घ्यायचं, अजून ठरत नाही. हे म्हणतात, "आधी शुगर. मग बघू." रोज मला चालायला नेतात. पुढे चालतात आणि सारखे मागे वळून बघतात, आरशात बघायची सवय!

पण मी अजून मागच्या खोलीतच आहे. हे म्हणत नाहीत, मी विचारत नाही. दोघांनाही ठाऊक आहे, दोघेही नवख्यासारखे.

६ मार्च, गुरुवार

हे माझ्या खोलीत आले. इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. "ही खोली गार आहे."

म्हटलं, "आहे."

"तिकडे बरं आहे त्या मानाने."

"असेल."

गेले. मी बराच वेळ उशीचा अभ्रा बदलत बसले. धुतलेला होता तरी बदलला.

९ मार्च, रविवार

काल रात्री मीच उशी घेऊन तिकडे गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही — हे घोरतात! खरोखर घोरतात, डेपोतून गाडी निघाल्यासारखे. गेल्या अडीच वर्षांत घोरणं कधी लागलं कोण जाणे, मी होतेच कुठे ऐकायला. कमरेवर हात होता, म्हणून हललेही नाही.

सकाळी विचारलं, "झोप लागली ना गं?"

म्हटलं, "छान लागली."