बाद फेरीआधी सरांना खरं सांगितलं

चेन्नई, १० मार्च २००३

ती. गोरखदादास प्राचीचा नमस्कार.

मी बरी आहे. रोजचा भात आता अंगवळणी पडलाय.

शुक्रवारपासून बास्केटबॉलची बाद फेरी आहे. यंदा कप आमच्या ऑफिसच्या टीमचा, असं पेपरवाले लिहितात. पण फोटो जिन्सीचा छापतात. आमच्याच टीममधली केरळची पोरगी, एकोणीस वर्षांची, लई चपळ.

काल आमच्या कोच सरांनी विचारलं, "प्राची, गुडघा बरा आहे ना?" पाच वर्षं मॅच सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात मी आहे, दादा. हो म्हणणं अगदी ओठावर आलं होतं. पण मी म्हणाले, "नाही सर, उडी मारली की कळ येते. जिन्सीला घ्या."

जिन्सी रडवेली होऊन आली, "दीदी, गुस्सा?" म्हटलं, "पास नीट दे, मग नाही." संध्याकाळभर तिला माझी जागा समजावत होते.

खेळले नाही तरी नोकरी कायम आहे, काळजी नको. डिंगोऱ्यात कांदा काढायला लागलात का? वहिनीला आता बरं वाटतं का?

आईला गुडघ्याचं कळू देऊ नकोस. टीव्हीवर मॅच दाखवलीच, तर मी बाकावर दिसेन. तिला सांग, पोरगी जरा दम खात बसलीय.

तुझी धाकटी,
प्राची