झेंडे एकीकडे, धूर दुसरीकडे

व्हेनिस, मंगळवार

तीर्थरूप झानेत्तोमामांस,

भाचा बोर्तोलोचा सविनय नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी किओज्जाहून धाडलेले खारे मासे पोचले, चार दिवस पुरवून खाल्ले. माझं ठीक चाललंय, फक्त खाल्लेलं अंगी लागत नाही. त्याचं कारण अल्विझे.

(तोच तो, माझ्याबरोबर एकाच गुरूकडे रंग घोटणारा. सरळ खांब काढायला त्याला मीच शिकवलं.) फ्रान्सच्या नव्या राजदूताचं आमच्या राज्यप्रमुखाच्या, डोजच्या, महालात स्वागत झालं, त्याचं भिंतभर चित्र अल्विझेने केलंय. सोनेरी होड्या, लाल झग्यांतले उमराव, सज्जांतून सोडलेले गालिचे. गावाला दुसरा विषय नाही. परवा न्हावीसुद्धा माझ्या गळ्यावर वस्तरा टेकवून त्याचीच तारीफ करत होता (अशा वेळी नाही म्हणून मान हलवायचीही सोय नसते).

शेवटी मी चित्र बघायला गेलो. तुमच्यापासून काय लपवायचं, खोड काढायलाच गेलो. पाणी असं उतरलंय की हात बुडवावासा वाटतो, त्यामुळे पोटात आणखीच दुखायला लागलं. तासाभराने मात्र एक चूक सापडली. झेंडे फडकतात किनाऱ्याकडे आणि सलामीच्या तोफांचा धूर जातो समुद्राकडे! मी कॉफीच्या दुकानात सांगितलं (फक्त सहा जणांना), दुसऱ्या दिवशी ते राजदूताच्या कानावर. अल्विझेला बोलावणं गेलं. म्हटलं, बुडाला. तर या पठ्ठ्याने चूक कबूल करून उभ्या उभ्या धूर वळवून दिला, आणि राजदूताने खूश होऊन दुसरं चित्रही त्यालाच सांगितलं.

संध्याकाळी तो दारूची बाटली घेऊन माझ्या दारात.

"बोर्तोलो, तुझी नजर नसती तर माझी शोभा झाली असती," तो म्हणाला. "दुसऱ्या चित्रातली कुत्री तू काढ. मला नाही जमत. गुरुजी तुझीच दाखवायचे सगळ्यांना."

टोमणा मारतोय का, म्हणून मी त्याचं तोंड निरखून पाहिलं. नव्हता मारत. तेच जास्त झोंबलं. मी सांगितलं, दुसऱ्याच्या चित्रात मी कुत्री भरत नाही. तो बाटली ठेवून गेला. तुमच्या भाच्याला अजून मान आहे, एवढं मामींना जरूर सांगा.

आपला,
बोर्तोलो

ता. क. बाटली चांगली निघाली. मी अल्विझेला होकार कळवला आहे.

आणखी एक. राजदूताला उंच पायांची शिकारी कुत्री हवीत, आणि इथे आमच्या गल्लीत नुसती मांजरं. तुमच्या शेजाऱ्याची तसली कुत्री आठवडाभर होडीने धाडता येतील का? पण गुपचूप. मी न बघता कुत्री काढतो, अशी अल्विझेची समजूत आहे.