पाहुण्यांसाठी निवडलेला घेवडा

तलास खोऱ्याच्या वरच्या अंगाचे आमचे आदरणीय व्याही असाकान यांना खालच्या गावाहून सुयुनबायचा छातीवर हात ठेवून सलाम.

आपली तब्येत, विहीणबाईंचे गुडघे, घोडी आणि तिचं शिंगरू सुखरूप असतील अशी आशा करतो. आपली लेक आमच्याकडे आनंदात आहे. या आठवड्यात सासऱ्याला न हसलेली गावात ती एकटीच.

झालं असं की आमच्या चाळीस घरांनी मिळून यंदाचा पांढरा घेवडा थेट तुर्कस्तानला पाठवायचं ठरवलं. (आपण पिकवायचा आणि त्यांनी खायचा. आपल्याकडे मटण सोडून घेवड्याला हात कोण लावतो?) नेजदेत नावाच्या व्यापाऱ्याने आधी नमुना मागितला. तो कोणी द्यायचा? तर गावात दाढी माझीच सर्वांत लांब. आता परक्या मुलखातल्या माणसाच्या हातात आपण काय ठेवतो, व्याही? मेंढराचं डोकंसुद्धा पाहुण्यालाच देतो ना? मी एकेक दाणा निवडला, मोत्यासारखा, आणि माझ्या बायकोने, बुर्माने शिवलेल्या नक्षीच्या पिशवीतून पाठवला. तिकडून लगेच करार आला : सगळा माल नमुन्याबरहुकूम. मला तो मानपत्रासारखा वाटला, म्हणून मी चौकात मोठ्याने वाचून दाखवला. (ते आता आठवलं की कान तापतात.)

सोमवारी ट्रक घेऊन नेजदेत साहेब स्वतः आले. पोतं उघडलं, एका तळहातावर नमुना घेतला, दुसऱ्यावर आमचा माल. "आजोबा, हे दोन्ही एकाच गावचे?" मी म्हटलं, "साहेब, तो पाहुण्यांसाठी होता, हा विकण्यासाठी आहे." ते हसले नाहीत. शनिवारपर्यंत नमुन्यासारखा माल द्या, नाहीतर ट्रक दुसऱ्या गावी जाईल, म्हणाले. तेव्हापासून शाळेत सतरंज्या टाकून मास्तर, इमाम, पोलीस सगळे वीस टन घेवडा दाणा दाणा निवडताहेत. बुर्मा म्हणते, "धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधायला निघालात!" शेजारची अलिमान म्हातारी तर रोज ओरडते, "सुयुनबाय, पुढच्या खेपेला नमुन्यात दोन खडे टाक रे!" मी मान वर करत नाही. दाणे निवडायला ते सोयीचंही पडतं.

आपल्या सुनांना आमचे आशीर्वाद.

आपला,
सुयुनबाय

ता. क. तीक्ष्ण नजरेच्या चार-पाच सुना दोन दिवसांसाठी पाठवता आल्या तर उपकार होतील.

ता. क. सुना राहू द्या. खरं लिहितो. नमुना आमच्या शेतातला नव्हताच. लग्नानंतर आपण घेवड्याचं पोतं भेट पाठवलं होतं, त्यातला होता. हे बुर्मालाही ठाऊक नाही. आज सकाळी मात्र राहवेना, म्हणून नेजदेत साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी लगेच आपला पत्ता मागितला. हे पत्र आणणारे गृहस्थ तेच. आपल्याकडची लिपी त्यांना वाचता येत नाही.

ता. क. आता एकच विचारतो, रागावू नका. ते पोतं व्याह्यांकडे जायचं म्हणून आपणही दाणा दाणा निवडलं होतं का? नसेल, तर आनंदाने ट्रक भरा, आमचं मी बघतो. पण निवडलं असेल, तर तेवढं त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. म्हणजे आमचा घेवडा वाईट नाही, जसा असतो तसाच आहे, हे त्यांना पटेल आणि चाळीस घरांचं वर्ष वाचेल. आणि मग इकडे या. एकट्याने मान खाली घालून बसायचा फार कंटाळा आलाय.