नेलकटर मी नेलंय

बाबा,

मी वृद्धाश्रमात जातेय. परदेशातल्या मेडिकलच्या अर्जाला लागणारे सेवेचे तास भरले, सर्टिफिकेटही हातात आलं, सगळं मान्य. पण "ती आता येणार नाही" असं तिथे परस्पर फोन करून कळवायची काय घाई होती? काल नर्सबाई भेटल्या, तेव्हा मला कळलं. खिडकीजवळचे आजोबा तेव्हापासून कुणाला नखं कापू देत नाहीत. हात पांघरुणात घालून बसतात आणि म्हणतात, "त्या पोरीला येऊ दे."

तुमचे डॉक्टर मित्र माझ्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला येतील. त्यांना चहा द्या आणि उद्या यायला सांगा. साखर वरच्या डब्यात आहे. तुमचं जेवण झाकून ठेवलंय, तेवढं गरम करून घ्या.

अर्जातला निबंध टेबलावर आहे. तुम्ही त्यात घातलेलं "मला माणसांविषयी कळवळा आहे" हे वाक्य मी खोडलंय. पुन्हा घालू नका आणि मी येईपर्यंत अर्जही पाठवू नका.

आजोबांनी हात पुढे केला, तर ते वाक्य मीच परत लिहीन.