तुझ्या फोटोखालचा निरोप

प्रिय अक्का,

मी तुला पत्र लिहितोय हे बघून तुला हसू येईल. "शास्त्रीबुवा, सरळ फोन करायचा की!" म्हणाली असतीस. पण तुझा फोन भाऊजी रोज चार्जिंगला लावतात आणि वाजला तरी उचलत नाहीत. गेल्या आठवड्यात त्याच फोनवर तुझ्या मरणाची बातमी आली. म्हटलं, ज्याची बातमी त्यालाही कळवावी. वार्ताहराने एवढी तरी रीत पाळावी.

बातमी अशी : 'निडीची बाई लेप्टोची गोळी खाऊन दगावली. गोळ्या घेऊ नका. सर्वांना पाठवा.' वर तुझा हार घातलेला फोटो, तुमच्या ओटीवर लावलाय तोच. शेवटी जोडलेले हात.

अक्का, तू गोळी घेतलीस कधी गं?

गेल्या लावणीच्या आधी आरोग्य केंद्राची आशाताई दारात येऊन गोळ्या देऊन गेली होती. उंदरांमुळे शेतातल्या पाण्यातून हा लेप्टोचा ताप येतो, चिखलात उतरणाऱ्यांनी गोळी घ्यावी, हे मी पेणहून लिहीत होतो आणि ते छापूनही येत होतं. तू ते कात्रण तांदळाच्या डब्यावर चिकटवलंस, भावाचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून! आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलंस डब्याच्या मागे.

"घेत का नाहीस?" मी विचारलं.

"शकूवन्संनी फोनवर पाठवलंय. त्या गोळीनं किडनी जाते."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"ते मी कशाला इचारू? वन्संनी पाठवलं ना?"

"मग मी लिहिलं ते?"

"तुझा पेपर काय, सगळ्यांकडं जातो. हे त्यांनी माझ्यासाठी पाठवलंय. आणि संस्कृत पण हाय त्याच्यात. तुझ्यापेक्षा सोपं!"

वाचलं मी ते संस्कृत. अर्धा श्लोक शांतीचा होता, उरलेला काढ्याचा. माझी एवढ्या वर्षांची पाठांतरं तुझ्या नणंदेच्या एका बोटापुढे आडवी झाली.

तुझा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. नागोठण्याच्या लग्नाची पत्रिका नुसती फोनवर आली, म्हणून तू घरात बसून राहिलीस. "घरी येऊन हातावर अक्षत ठेवली तर ते आमंत्रण. नायतर नुसतं समजलं." लग्नाच्या बाबतीत एवढी कडक तू! मग आजाराच्या बाबतीत त्याच फोनला दार सताड उघडं कसं ठेवलंस? वन्संचं नाव उजळलं की तुला त्या स्वतः ओटीवर येऊन बसल्यासारख्या वाटायच्या. आणि दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण गोळी घेऊन दारात आलेली आशाताईसुद्धा माणूसच होती ना गं?

ताप आला तर "लावणीनं अंग मोडलंय" म्हणालीस आणि काढा घेतलास. डोळे पिवळे दिसले तेव्हा भाऊजींनी रिक्षा आणली. रोहा, तिथून अलिबाग. गोळी घेतली असतीस तर वाचली असतीस का, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत, मीही सांगत नाही. पण पाकीट डब्यामागेच राहिलं. एकही गोळी फोडलेली नाही.

हे सगळं मी पेपरात लिहिलं. निडीतले लोक म्हणाले, "छान लिवलंय. पण ग्रुपवर अक्कांचा फोटो हाय ना!"

"मी तिचा भाऊ आहे."

"तुमी पेणला ऱ्हाता. तुमाला काय म्हाईत?"

आता लावणी पुन्हा तोंडावर आलीय. तुझी सून रेश्मा चिखलात उतरणार. तिच्यासमोर डब्यामागचं पाकीट काढून धरलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"मामा, आई घेत नव्हत्या, मला ठाव हाय. पण एकादी घेतली आसंल, आमच्या नकळत."

"अगो, भरलेलं पाकीट हातात आहे तुझ्या!"

"दुसरं आसंल. एवढी लोकं खोटं कशाला लिवतील? माजी पोर लहान हाय, मामा. शकूआत्यांना इचारते."

पाठशाळेत आम्हाला शिकवलं होतं, प्रत्यक्षाला दुसरं प्रमाण लागत नाही. आमच्या गुरुजींनी ग्रुप पाहिला नव्हता.

मग शकूताईंना फोन केला. तो निरोप त्यांनी लिहिलेला नाही. त्यांनाही कुठून तरी आला, त्यांनी रडत पुढे पाठवला. मला म्हणाल्या, "मी तिला सांगितलं होतं रे, घेऊ नको. शेवटी घेतलीच ना तिनं!"

मी फोन ठेवला. हे खोटं आहे असं त्यांनी मानलं, तर त्यांनी प्रेमानं पाठवलेल्या पहिल्या निरोपाचं काय करायचं? तो कुठे ठेवायचा त्यांनी? तू असतीस तर "जाऊ दे रे" म्हणाली असतीस. पण रेश्माचं काय, अक्का? तिलाही जाऊ द्यायचं?

उद्या शकूताईंकडे रोह्याला जातो. फोनवर नाही, घरी. पाकीट घेऊन, आमंत्रणाला जावं तसा. शकूताईंना दोष देणार नाही, पुरावा म्हणून काही आपटणार नाही. चहा घेईन, त्यांना पोटभर रडू देईन आणि एवढंच मागेन : निडीला चला, आणि रेश्माच्या तळहातावर गोळी तुम्ही ठेवा. माझ्या हातची ती घेणार नाही.

येतील का त्या? मला वाटत नाही. पण "माझ्याकडं कोणी आलंच नाय" असं म्हणायची वेळ त्यांच्यावर येऊ देणार नाही, हे तुला वचन.

तुझा,
डब्यावरचा शास्त्री